मोटारीचें मार्गदर्शक यंत्र

मोटारींत वाट दाखविणारें यंत्र कोणतें घ्यावें, असें पालक आम्हांस विचारतात. प्रथम एक भेद लक्षांत घ्यावा: उपग्रह रस्ता दाखवीत नाहींत. आपण स्वतः कोठें आहों व वेळ काय झाली, एवढेंच ते कळवितात. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश येण्यास किती वेळ लागला, ह्यावरून यंत्र आपलें स्थान काढतें. संदेश प्रकाशाच्या वेगानें येतात. म्हणून सेकंदाच्या दशलक्षांशाची चूकहि अंतरांत सुमारें ३०० मीटरांचा फरक पाडते! विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें.

रस्ता दाखवितो तो नकाशा, आणि खरी पारख त्याचीच करावी. मोबाइल फोन पुष्कळ वेळां नकाशा इंटरनेटवरून मागवितो. घाटांत संपर्क तुटला, तर उपग्रहांचे संदेश मिळत असूनहि कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा उरतो. म्हणून नकाशा आंत सांठविलेलें यंत्र घ्यावें, अथवा निघण्यापूर्वीं तो फोनमध्यें उतरवून ठेवावा. नकाशा वेळोवेळीं नवा करून देण्याचा खर्च किंमतींत धरला आहे कीं निराळा, हेंहि विक्रेत्यास विचारावें.

तरीहि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल पुरांत वाहून गेला, तेव्हां कोणत्या नकाशास तें कळलें असतें? चालकाची दृष्टि रस्त्यावरच हवी. ह्यास्तव मोठ्या पडद्यापेक्षां स्पष्ट बोलणारें यंत्र आम्ही पसंत करूं, आणि समोरचें दिसणें अडणार नाहीं अशा जागीं तें बसवूं.