बर्म्यूडा बेटाचें विधिमंडळ

अटलांटिक महासागरांत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारें एक हजार किलोमीटर अंतरावर, बर्म्यूडा नांवाचा एक चिमुकला द्वीपसमूह आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें ५३ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या साठ-पासष्ट हजारांच्या घरांत आहे. हीं बेटें ब्रिटिश मुकुटाच्या सत्तेखालीं आहेत. परंतु घरचा कारभार तीं स्वतःच्या विधिमंडळामार्फत चालवितात. या विधिमंडळाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

सेंट जॉर्ज या तेथील जुन्या राजधानींत दरवर्षीं एप्रिल महिन्यांत एक मौजेचा समारंभ होतो. तेथें विधिमंडळाचें जुनें सभागृह अजून उभें आहे. १८१५ सालीं राजधानी हॅमिल्टन येथें गेल्यावर तें एका फ्रीमेसन मंडळास भाड्यानें देण्यांत आलें. भाडें किती, तर वर्षाकांठीं मिऱ्याचा एक दाणा! तो दाणा चांदीच्या तबकांत मखमलीच्या उशीवर ठेवून समारंभपूर्वक गव्हर्नरच्या स्वाधीन करण्यांत येतो. पाहणारास हंसूं येईल; पण त्यांत कायद्याचा एक मुद्दा आहे. भाडें नांवापुरतें कां होईना, दिलें गेलें म्हणजे घर कोणाचें, याविषयीं संशय राहत नाहीं. बर्म्यूडाच्या राज्यकारभाराचा इतिहासहि वस्तुतः याच प्रश्नाचा इतिहास आहे. सभा कोणाची?

१६०९ सालीं व्हर्जिनियाकडे निघालेलें ‘सी व्हेंचर’ नांवाचें इंग्रजी जहाज वादळांत सांपडून येथील खडकांवर आदळलें. त्या वेळीं या बेटांवर मनुष्यवस्ती नव्हती. १६१२ पासून तेथें वसाहत झाली व तिचा कारभार एका व्यापारी कंपनीकडे आला. आपलें मुंबई बेटहि १६६८ सालीं असेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरीं पडलें, हें श्रोत्यांस ठाऊक आहेच. परंतु बर्म्यूडांत कंपनीच्या अमदानींतच एक निराळी गोष्ट घडली. १ ऑगस्ट १६२० रोजीं गव्हर्नर नॅथॅनिएल बटलर यानें सेंट पीटरच्या प्रार्थनामंदिरांत वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची सभा बोलाविली. शिवाजी महाराजांच्या जन्मास तेव्हां अजून दहा वर्षें अवकाश होता. पुढें १६८४ मध्यें कंपनी गेली, राजाचा अंमल आला. सभा मात्र टिकून राहिली.

एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं, हें बेट म्हणजे लोकशाहीचें माहेरघरच असलें पाहिजे. परंतु सभा जुनी असणें आणि सभा लोकांची असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. ज्या बेटावर ही सभा भरे, त्याच बेटावर सतराव्या शतकापासून माणसें गुलाम म्हणून राबत होतीं. १ ऑगस्ट १८३४ रोजीं, म्हणजे पहिल्या सभेनंतर बरोबर २१४ वर्षांनीं, त्यांची मुक्तता झाली. पण त्याच सुमारास सभेनें मताधिकारासाठीं लागणारी मालमत्तेची अट वाढविली! बेडी तुटली, पण दाराची कडी उंच गेली. कृष्णवर्णीय समाजांतील पहिला सभासद, विल्यम जोएल, निवडून येण्यास १८८३ साल उजाडावें लागलें. शिवाय ज्याच्या जमिनी अनेक परगण्यांत, त्याला मतेंहि अनेक. म्हणजे मत माणसाला नव्हतें. तें जमिनीला होतें.

स्त्रियांना तर मत मुळींच नव्हतें. ग्लॅडिस मॉरेल या बाईंनीं त्यासाठीं अनेक वर्षें झुंज दिली. मत नाहीं, तर करहि देणार नाहीं, असा त्यांचा बाणा होता. कराच्या वसुलीसाठीं सरकारी कामगार त्यांच्या घरांतील सामान उचलून नेत व लिलावांत काढीत. अखेर १९४४ सालीं स्त्रियांना मताधिकार मिळाला. पण तोहि मालमत्ता असलेल्या स्त्रियांनाच. १९४८ सालीं दोन स्त्रिया प्रथमच सभेंत निवडून आल्या.

मालमत्तेवरील मताधिकार आपणांस अपरिचित नाहीं. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकींत आपल्याकडेहि मालमत्ता किंवा शिक्षण असल्याशिवाय मत मिळत नसे. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत भारतांतील प्रौढ स्त्रीपुरुषांस मताचा हक्क होता, तेव्हां बर्म्यूडांतील जमीनदार जुन्याच पद्धतीनें मतें देत होते. १९५९ सालीं तेथील कृष्णवर्णीयांनीं, बैठकींतील भेदभावाच्या निषेधार्थ, नाटक-चित्रपटगृहांवर बहिष्कार घातला आणि अल्पावधींतच तो भेद मोडून पडला. त्या यशानें लोकांस धीर आला. १९६३ सालीं पंचवीस वर्षांवरील सर्वांस मत मिळालें. पण जमीनदाराचें एक जादा मत शिल्लक राहिलेंच. तेंहि पुढें काढून टाकण्यांत आलें. १९६८ सालीं लिखित राज्यघटना अमलांत आली आणि त्याच वर्षीं एका माणसास एक मत या तत्त्वानें पहिली निवडणूक झाली. पहिल्या सभेपासून ३४८ वर्षांनीं सभा लोकांची झाली.

आजची रचना अशी आहे. प्रतिनिधिसभेंत ३६ सभासद असून प्रत्येक मतदारसंघांतून एकेक निवडला जातो. सभेची मुदत पांच वर्षें. बहुमत असलेल्या पक्षाचा पुढारी ‘प्रीमिअर’ होतो. वरिष्ठ सभागृह ‘सीनेट’ हें नेमणुकीचें आहे. त्यांतील ११ जागांपैकीं ५ प्रीमिअरच्या सल्ल्यानें, ३ विरोधी पुढाऱ्याच्या सल्ल्यानें व ३ गव्हर्नरच्या स्वतःच्या विचारानें भरल्या जातात. हिशेब करून पाहिल्यास ध्यानांत येईल कीं, तेथें सरकारपक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळत नाहीं. कोणाचें तरी मन वळवावेंच लागतें.

तथापि कांहीं किल्ल्या अद्याप गव्हर्नरच्या कमरेला आहेत. परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षितता व पोलीस हीं खातीं त्याच्याकडे असतात आणि त्याच्या संमतीवांचून विधेयकाचा कायदा होत नाहीं. ही संमति बहुधा उपचाराची असते. पण नेहमींच नव्हे. गांजाच्या उत्पादनास व विक्रीस परवाने देणारें विधेयक विधिमंडळानें मंजूर केलें असतां २०२२ सालीं लंडनहून त्यास नकार आला. आंतरराष्ट्रीय करारांशीं तें विसंगत आहे, हें कारण देण्यांत आलें. विधेयक बरें कीं वाईट, हा प्रश्न निराळा; अखेरचा शब्द कोणाचा, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

मग हे लोक पूर्ण स्वातंत्र्य कां घेत नाहींत? १९९५ सालीं त्यांना हाच प्रश्न सार्वमतानें विचारण्यांत आला. विरोधी पक्षानें मतदानावर बहिष्कार घातला होता. तरी पडलेल्या मतांपैकीं जवळजवळ तीन चतुर्थांश मतें स्वातंत्र्याच्या विरुद्ध पडलीं. स्वातंत्र्यासाठीं कारावास भोगलेल्या देशांतील माणसास हें चमत्कारिक वाटेल. पण निदान हा निर्णय जमिनीच्या तुकड्यांनीं दिला नव्हता. माणसांनीं दिला होता. तो बदलावयाचा झाल्यास तींच माणसें बदलतील. मिऱ्याचा दाणा दरवर्षीं द्यावा लागतो, तसा मताचा हक्कहि दर निवडणुकीस बजावावा लागतो. नाहींतर घर कोणाचें, हें लोक विसरून जातात.