कण्यावरचा हात : कायरोप्रॅक्टिकची उपचारपद्धती

कायरोप्रॅक्टिक म्हणजे पाठ, मान आणि सांधे यांच्या दुखण्यावर औषध किंवा शस्त्रक्रियेविना, मुख्यतः हाताने उपचार करण्याची पद्धत. तिचा उगम अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट इथे झाला. तिथे चुंबकचिकित्सा करणाऱ्या डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबून ‘बसवला’ आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागल्याचे जाहीर केले. कानाची नस पाठीतून जात नाही, तेव्हा शरीरशास्त्राला ही कथा पटण्यासारखी नव्हतीच. पामर मात्र शंभरातले ९५ आजार मणके सरकल्यामुळेच होतात, असे सांगू लागले. १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९०६ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगवासही भोगला.

डॉक्टरमंडळींशी सुरू झालेले भांडण पुढे अनेक दशके चालले. लुइझियाना या शेवटच्या राज्याने परवाना दिला तो १९७४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल १९८७ मध्ये लागला. तोवर या पंथातही दोन तट पडले होते. एक पामरांच्या सिद्धान्ताला चिकटून राहिला. दुसऱ्याने व्यायाम, शेक वगैरे जोडीला घेऊन आपले काम पाठ, मान आणि सांध्यांपुरते आखून घेतले. आजच्या जाणत्या कायरोप्रॅक्टरची गाठ पडते ती बहुधा या दुसऱ्या तटात.

अशा कायरोप्रॅक्टरकडे पहिल्या भेटीचा बराच वेळ विचारपूस आणि तपासणीत जातो. दुखणे कधी सुरू झाले, रात्री झोपमोड होते का, कळ पायात उतरते का, पडझड झाली होती का, हे आधी विचारले जाते. मग चालण्याची ढब, वाकताना होणारी अडचण, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पायाची संवेदना पाहिली जाते. रोग्याला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलला की सायटिकाची शंका पक्की व्हायला मदत होते. या साऱ्यातून काही धोक्याच्या खुणा शोधायच्या असतात : लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेतला बधिरपणा, ताप, विनाकारण वजन उतरणे, पूर्वीचा कर्करोग, ठिसूळ झालेली हाडे. यातले काही आढळले तर पाठीला हात न लावता रोग्याला इस्पितळात पाठवणे, हाच खरा उपचार. एक्स-रे मात्र सरसकट लागत नाही.

कमरेच्या उपचारात रोग्याला कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून त्याचे पाऊल खालच्या पायाच्या लवणीत. उपचारक एका हाताने खांदा धरतो, दुसऱ्या हाताचा तळवा मणक्याशेजारी टेकवतो आणि सांध्यातली सगळी ढील निघेपर्यंत सावकाश दाब देतो. त्यानंतरचा झटका जलद असतो, पण सांधा त्यात हलतो तो अगदी थोडा. ‘कट्’ असा आवाज येतो आणि रोग्याला वाटते, हाड जागेवर बसले. तसे काही झालेले नसते. सांधा एकदम ताणला गेला की आतल्या वंगणद्रवात वायूची पोकळी तयार होते. तो आवाज तिचा. आवाज आला नाही तरी उपचार फुकट जात नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घेण्याची रीत होती. झटक्याने आराम मिळतो ही समजूत कायरोप्रॅक्टिकपुरती नाही.

झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखे वाटू शकते. त्यापुढचा भाग दिसायला अगदीच साधा : अंथरुणाला खिळून न राहणे, थोडे थोडे चालणे, पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणे, बसण्या-उचलण्याच्या सवयी बदलणे. नव्याने उद्भवलेली पाठदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपही ओसरते. म्हणून सगळे श्रेय झटक्याला देता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शनात कमरेच्या दुखण्यासाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत मणक्यांच्या हस्तोपचाराला जागा दिली, ती इतर उपायांच्या रांगेत. दमा, बहिरेपणा अशा आजारांवरचे दावे मात्र पुराव्यावर टिकलेले नाहीत. काही भेटींनंतर फरक नसेल तर उपचार बदलायला किंवा थांबवायला हवा. वर्षभराच्या भेटींचे पैसे आधीच मागणाऱ्या उपचारकाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मानेच्या बाबतीत जास्त सावधगिरी लागते. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत. ती धमनी आधीच फाटत असते आणि त्याच दुखण्यासाठी रोगी उपचाराला येतो, असेही काही प्रसंगांत घडते. म्हणून अचानक उठलेली, कधी नव्हे अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, सोबत चक्कर किंवा जड झालेली जीभ, असे असेल तर मानेला झटका देऊ नये. सलूनमध्ये चंपीनंतर ‘मान मोडून’ देतात, तिथे यातले काहीच विचारले जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तासांचे मोजमाप सुचवले. भारतात या व्यवसायाची वेगळी वैधानिक परिषद नाही. मूळचे फिजिओथेरपिस्ट असलेले आणि परदेशात पदवी घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक इथे ही पाटी लावतात. पाटीवर ते वेगळे दिसत नाहीत, म्हणून पदवी कोणती, कुठली आणि किती वर्षांची, हे रोग्याने झोपण्याआधीच विचारून घ्यावे लागते.