शुआरांची स्वतःची नभोवाणी

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या पूर्वेस, अँडीजच्या उतारावरून ॲमेझॉनच्या अरण्यात उतरत जाणाऱ्या प्रदेशात शुआर नावाची आदिवासी जमात राहते. शत्रूचे मस्तक आक्रसवून जपून ठेवण्याच्या जुन्या प्रथेमुळे ही जमात बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. युरोप-अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयांनी ती मस्तके हौसेने गोळा केली. पण याच जमातीने १९६८ साली स्वतःचे लघुलहरी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि चारच वर्षांत त्यावरून शाळा चालविल्या, ही गोष्ट त्या मस्तकांइतकी प्रसिद्ध झाली नाही. वास्तविक भाषा, शिक्षण आणि सत्ता यांचा परस्परसंबंध समजून घेऊ इच्छिणाऱ्याने हा इतिहास मुळातून पाहावयास हवा.

या केंद्राचे मूळ जमिनीच्या प्रश्नात आहे. इक्वेडोरच्या डोंगराळ भागातील शेतकरी कुटुंबे गवती हॅट विणून पोट भरीत असत. ‘पनामा हॅट’ म्हणून जगभर विकली जाणारी हॅट ती हीच. १९५० नंतरच्या दशकात या हॅटची निर्यात ढासळली आणि बेकार झालेली कुटुंबे जमिनीच्या शोधात पूर्वेकडच्या अरण्यात उतरू लागली. सरकारनेही या वसाहतींना उत्तेजन दिले. १९६४ च्या कायद्यांनी तर लागवडीखाली नसलेली जमीन बेवारस मानून ती वसाहतकऱ्यांना खुली केली. जंगल तोडून शेत केले नाही म्हणून शुआरांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी कागदोपत्री कोणाचीच राहिली नाही. त्याच वर्षी शुआरांनी आपला संघ स्थापन केला. विखुरलेल्या कुटुंबांना ‘केंद्रां’मध्ये एकत्र आणावयाचे आणि जमिनीचे सामुदायिक हक्कपत्र मिळवावयाचे, हा त्याचा मार्ग होता.

या कामी त्यांना साहाय्य झाले ते सेलेशियन धर्मसंघाचे, विशेषतः हुआन शुत्का या धर्मगुरूचे. डॉन बॉस्कोच्या शाळांमुळे हा धर्मसंघ मुंबईकरांना परिचित आहेच. यात एक विसंगती आहे, ती नजरेआड करता येत नाही. याच मिशनच्या वसतिगृहांत शुआर मुले आईबापांपासून दूर ठेवली जात, तेथे शिक्षण स्पॅनिशमधून होई आणि शुआर बोलण्यास मज्जाव असे. ज्या संस्थेने भाषा दाबली, तिच्याच काही माणसांनी पुढे त्या भाषेला ध्वनिक्षेपक मिळवून देण्यास हात लावला. तथापि संघ शुआरांचा होता आणि केंद्रही संघाच्या मालकीचे होते, हे महत्त्वाचे.

सुकुआ या गावी संघाचे मुख्यालय होते. तेथूनच ‘रेडिओ फेडेरासिओन’चे प्रक्षेपण सुरू झाले. लघुलहरींची निवड हौसेपोटी झालेली नव्हती. सुकुआ उपानो नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या पूर्वेस कुतुकू नावाची डोंगररांग आडवी पसरली असून तिच्या पलीकडे शुआरांच्या कितीतरी वस्त्या आहेत. तेथे रस्ता नव्हता. पायी जावयाचे तर कित्येक दिवसांची वाट, नाहीतर लहान विमान. डोंगराची आड आलेली भिंत एफएमच्या लहरींना ओलांडता येत नाही. उलट ६० आणि ९० मीटरच्या पट्ट्यांतील लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा खाली येतात व डोंगरापलीकडे पोहोचतात. ऐकणाऱ्यापाशी मात्र बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर एवढा असला की पुरे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील हिशेब उद्बोधक आहे. रस्ता बांधावयाचा तर मैलागणिक खर्च वाढतो आणि वस्ती विरळ असली की दरडोई खर्च आवाक्याबाहेर जातो. नभोवाणीचे तसे नाही. श्रोते शंभर असोत की दहा हजार, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच. अशा सार्वजनिक सेवा सरकारने पुरवाव्यात असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे सरकार पोहोचले नव्हते, म्हणून लोकांनी ती आपणच उभारली.

१९७२ पासून या केंद्रावरून शाळा भरू लागली. सुकुआतील शुआर शिक्षक ध्वनिक्षेपकासमोर बसून शुआर आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून पाठ देत. दूरच्या वस्तीतील पाकाड्याच्या झोपडीत मुले रेडिओभोवती बसत. त्यांच्याजवळ एक स्थानिक साहाय्यक असे. तो फळ्यावर लिहून दाखवी, वह्या तपासी, अडलेल्या मुलास समजावून सांगी. केवळ आवाजावर शिक्षण होत नाही, समोर माणूस लागतो, हे त्या योजनेच्या कर्त्यांनी आरंभीच ओळखले होते. पुढे या शाळांना शासनाची मान्यताही मिळाली. शिकण्यासाठी घर सोडावयाचे बंधन सुटले आणि वसतिगृहांचे महत्त्व ओसरत गेले.

या पद्धतीला उणिवा होत्या. शिक्षकाला मूल दिसत नव्हते, मुलाला प्रश्न विचारता येत नव्हता आणि दमट हवेत यंत्रे नादुरुस्त होत. वस्त्यांतून प्रशिक्षित द्विभाषिक शिक्षक उपलब्ध होऊ लागल्यावर नभोवाणीशाळेची गरज कमी होणे स्वाभाविकच होते. १९८८ मध्ये इक्वेडोर सरकारने द्विभाषिक शिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन केले. शुआरांनी जे आधीच करून दाखविले होते, ते देशाचे धोरण झाले.

पुढचा अध्याय मात्र इतका सुखाचा नाही. २००८ च्या नव्या राज्यघटनेने स्पॅनिश आणि किचवा यांच्याबरोबर शुआर भाषेलाही आंतरसांस्कृतिक व्यवहाराची अधिकृत भाषा म्हणून मान दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, पाण्याविषयीच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध आदिवासी रस्त्यावर उतरले. माकास शहराजवळ उपानोच्या पुलावर पोलिसांशी चकमक झाली आणि एक शुआर शिक्षक मृत्यू पावला. दोष कोणाचा, याविषयी सरकार आणि आंदोलक यांची विधाने परस्परविरोधी होती. संघाच्या केंद्राचे नाव तोवर ‘ला बोस दे आरुताम’ झाले होते. आरुताम म्हणजे शुआरांच्या श्रद्धेतील पूर्वजांची शक्ती. या केंद्राने हिंसेस चिथावणी दिली असा ठपका ठेवून सरकारी नियामक मंडळाने जानेवारी २०१० मध्ये त्याचा परवाना रद्द करण्याचा निर्णय घेतला. देशात आणि देशाबाहेर निषेध झाला, अपील झाले आणि त्याच वर्षी तो निर्णय मागे घेण्यात आला.

हिंसेला चिथावणी देणे कोणत्याही केंद्राला क्षम्य नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एका केंद्रावरच भाषेचा व्यवहार चालत असेल, तर ते बंद करण्याची शिक्षा एखाद्या वक्त्याला होत नाही, सगळ्या समाजाला होते. ज्या भाषेला घटनेने मान दिला, तिचा आवाज दोन वर्षांच्या आत एका फायलीवरील शेऱ्याने थांबू शकत होता.

घटनेतील कलमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शुआरांची भाषा शाळेत आली ती त्या कलमाच्या छत्तीस वर्षे आधी, आणि ती सुकुआच्या प्रक्षेपकावरून आली. अल्पसंख्य भाषेची कळकळ असलेल्या शासनाने गौरवाचे ठराव जरूर करावेत. मात्र तिच्या केंद्राच्या परवान्याला कायद्याचे भक्कम संरक्षण दिले आहे काय, हा प्रश्न त्याला आधी विचारला गेला पाहिजे.