जब्बार पटेल: पहिला क्रमांक ‘सिंहासन’चाच
जब्बार पटेलांच्या चित्रपटांची क्रमवारी लावायची तर पहिल्या जागेवर ‘सिंहासन’ (१९७९) हवा. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा बांधली. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री आणि या सगळ्यांकडे पाहत हिंडणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस! ‘सामना’त साखरसम्राट हिंदुराव रंगवणारे फुले इथे ओळखू येत नाहीत. मराठीत राजकारणावर याहून धारदार चित्रपट झालेला नाही.

दुसरा ‘उंबरठा’. शांता निसळांच्या ‘बेघर’वरचा हा चित्रपट स्मिता पाटीलच्या डोळ्यांनी पेलला आहे. महिला सुधारगृहाची अधीक्षक झालेली सुलभा घर सोडते, तेव्हा पटेल तिची बाजू मांडायला भाषण देत नाहीत. कॅमेरा फक्त तिच्यासोबत राहतो.

तिसरा ‘सामना’. हा पटेलांचा पहिलाच चित्रपट, आणि तो थेट बर्लिनच्या स्पर्धेत पोहोचला! दिग्दर्शक तेव्हा दौंडला डॉक्टरकी करत होते, हे आजही विलक्षण वाटतं.

चौथा ‘जैत रे जैत’. ठाकरांचं जग, मधाची पोळी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाण्यांपुरतीच क्रमवारी असती, तर तोच पहिला.