पंतोजीच्या शाळेंतील सुटे बंद

जुन्या घराण्याच्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे सनदा, वतनपत्रें, हिशेबाच्या यादी व खासगी पत्रें यांच्या मधून कांहीं सुटे बंद निघतात. त्यांवर मिति नसते, शिक्का नसतो, मोर्तब नसतें. एकच ओळ दहा-वीस वेळां गिरविलेली असते, कोठें पावकी-निमकीचे आंकडे असतात, कोठें अर्ध्यावर सोडलेलें पत्र. संग्राहक असे बंद बहुधा रद्दींत टाकतात. क्वचित् याच्या उलट होतें. त्या अर्धवट पत्रांत एखाद्या सरदाराचें नांव दिसलें म्हणजे तें अस्सल समजून जपलें जातें, व त्यावर अनुमानांची इमारतहि उभी राहूं शकते. आमच्या मतें हे दोन्ही प्रकार घातक आहेत. हे बंद बहुधा पंतोजीच्या शाळेंतील होत, आणि तेथें मूल कसें घडविलें जाई याचा मुलाच्या स्वतःच्या हातचा पुरावा बहुतांशीं तेवढाच शिल्लक आहे.

पंतोजीची शाळा सर्वस्वीं खासगी असे. तिला वेगळी इमारत क्वचितच असे. देऊळ, धर्मशाळा किंवा कोणा गृहस्थाची ओसरी यांवर ती भरे, आणि मुलांचे आईबाप धान्य, शिधा व थोडा पैसा देत त्यावर पंतोजीचा निर्वाह चाले. १८२१ सालीं मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं, इलाख्यांत निदान एक शाळा नाहीं असें गांव विरळा, असा अभिप्राय नोंदविला. १८२४ सालीं एल्फिन्स्टनच्या सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांतून या शाळांची माहिती मागविली. १८२९ च्या गणनेंत इलाख्यांतील ब्रिटिश मुलुखांत १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी भरले. हीं कागदपत्रें रा. वि. परुळेकर यांनीं संपादून १९४५ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु तीं शेवटीं सरकारी कागदपत्रें. त्यांत शाळा मोजलेल्या आहेत. मुलाचा हात त्यांत नाहीं.

मुलाचा आरंभ धूळपाटीवर होई. फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरून तींत बोटानें वा काडीनें अक्षर काढावयाचें आणि त्याच वेळीं तें मोठ्यानें म्हणावयाचें. बोट, डोळा, कान व वाणी हीं एकाच अक्षरावर एकवटत. पहिला पाठ ‘ओनामा’ म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. मूळ वाक्य विसरलें तरी शब्द राहिला. मद्रासेकडे मुलें अशाच रीतीनें वाळूंत लिहितात हें पाहून अँड्र्यू बेल यानें ती रीत आपल्या अनाथ मुलांच्या शाळेंत उचलली, वडील मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धति तिला जोडली आणि १७९७ सालीं लंडनांत तिचा वृत्तांत छापला. आमच्याकडील धुळाक्षरांचा मात्र मागमूस राहणें शक्यच नव्हतें. हातानें पाटी सारखी केली कीं तीं पुसलीं. म्हणून संग्राहकाच्या हातीं येतो तो फक्त पुढचा टप्पा, कागदाचा.

कागद महाग, म्हणून तो जुन्या हिशेबाच्या पाठीमागचाहि चाले. मोडींत आधीं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळ आंखून मग तिला अक्षरें लटकवावयाचीं, आणि बोरू होतां होईल तों उचलावयाचा नाहीं. वरची ओळ पंतोजीची सुबक, तिचें नांव कित्ता. खालच्या ओळी मुलाच्या, उतरत उतरत बिघडत गेलेल्या. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक संपूर्ण समास खर्चिला, त्यावरून अक्षर घटविण्यास किती महत्त्व होतें हें दिसतेंच. तें कारागिराच्या हातासारखें हाताचें शिक्षण होतें.

आंकड्यांचें शिक्षण कानाचें. पाढे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सर्व सामुदायिक सुरांत म्हणावयाचे. तिन्हीसांजां दिवा लागला कीं घरीं परवचा. औट म्हणजे साडेतीन. मनुष्याचा देह ज्याच्या त्याच्या हातानें साडेतीन हात भरतो अशी समजूत असल्यामुळें हा आंकडा मुलाला आपल्याच अंगावर मोजतां येई. शेर, पायली, मण, खंडी यांचा हिशेब या अपूर्णांकांवांचून चालत नसे, म्हणून शाळा आणि बाजार यांत अंतर थोडें होतें.

तिसरा भाग आचरणाचा, आणि संशोधकाची फसगत होते ती येथें. वडिलांस ‘तीर्थरूप’, बरोबरीच्यास ‘राजश्री’, धाकट्यास ‘चिरंजीव’. कोणास नमस्कार, कोणास आशीर्वाद, कोणास विज्ञापना हें मुलगा मायने लिहून शिके. मायना गिरवितांना नांव कोणाचेंहि घातलें जाई, आणि मोठ्या माणसाचा मायना लांब व अवघड म्हणून सरावास सोयीचा. अशा कागदांत मायना ठळक असतो, मजकूर मात्र दोन ओळींत संपतो किंवा नसतोच. एकच मायना पुन्हां पुन्हां येणें ही तर पक्की खूण. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ ही खूण धरूं नये; मोडींत थोर कारकूनहि तो भेद पाळीत नसत.

सर्वांगीण शिक्षण हा शब्दप्रयोग अलीकडचा. तो पंतोजीच्या शाळेस लावावा काय? हात, कान, वाणी, स्मृति व लोकव्यवहार यांचें शिक्षण तेथें होतें, असें हे बंद सांगतात. परंतु कळलें काय, हें विचारण्याची रीत त्यांत कोठें आढळत नाहीं. छडी आणि अंगठे धरून ओणवें उभें करणें हीं शिक्षणाचींच अंगें मानलीं जात. मुलींस या शाळेचें दार बहुधा बंदच होतें. अस्पृश्य मानलेल्या मुलांस ओसरीची पायरीहि नव्हती. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां गांवोगांव पंतोजी होतेच. जुन्या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनीं ही गोष्ट दृष्टीआड करूं नये. ज्यांना शाळाच नव्हती त्यांचा बंद कोणत्याहि रुमालांत सांपडणार नाहीं.

आतां हे बंद कसे राखावे. काल ठरविण्यास मिति नसली तरी हिशेबाच्या उदाहरणांतील नाण्याचें नांव, उदाहरणार्थ चांदवडी किंवा अंकुशी रुपया, व मापांचें स्थानिक प्रमाण उपयोगी पडतें. कागद उजेडासमोर धरावा. विलायती कागदांत पाण्याची खूण असते, कधीं कधीं सालहि असतें, आणि तेवढ्यावरून बंद कोणत्या सालापूर्वींचा नाहीं हें कळतें. पाठीमागचा जुना हिशेबहि वाचावा. आणि मुख्य म्हणजे हे बंद मूळ रुमालांतून काढून वेगळे करूं नयेत. काढावेच लागले तर कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या मध्यें मिळाले तें लिहून ठेवावें. कारण त्याच रुमालांत वीस-पंचवीस वर्षांनंतरचे हिशेब असतात, आणि त्यांतील एखाद्या कारकुनाचा ‘ळ’ किंवा ‘ज्ञ’ काढण्याचा विशिष्ट झोंक गिरविलेल्या बंदांतील मुलाच्या अक्षराशीं ताडून पाहतां येतो.