मम्मी, गेम चालू होईना!



हल्ली गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब चालू असताना मध्येच हा विषय निघतो. पोरगं गेम खेळायला फोन घेतं, गेम चालू होत नाही, मग ते चिडतं, नाहीतर स्वतःच काहीतरी उद्योग करून बसतं. गेम खेळावा का, किती वेळ खेळावा, हा आजचा विषय नाही. आज बोलू या ते बंद पडलेल्या गेमबद्दल. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय, असं वाटेल. पण बहुतेक घरांत ज्या फोनवर पोरगं खेळतं, त्याच फोनवर आपलं बँकेचं खातं असतं, गटाचे मेसेज असतात, टोमॅटो-कांद्याचे पैसे जमा झाल्याचा निरोप आणि ओटीपीही तिथेच येतो. गेम दुरुस्त करायच्या नादात जे फोनमध्ये शिरतं, ते या सगळ्याच्या शेजारी येऊन बसतं.

आधी पोराला एकच विचारायचं. गेम उघडतच नाही, की उघडतो पण पुढे जोडला जात नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

चिन्ह दाबलं, स्क्रीन काळी झाली आणि गेम आपोआप बंद झाला, तर दुखणं बहुधा फोनमध्ये आहे. फोनमधली जागा भरलेली असते. उतरवून घेताना गेम लहान दिसतो, पण नंतर तो नकाशे, कपडे, नवनवीन भाग आत ओढत राहतो. त्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे सकाळचे फुलांचे फोटो आणि कीर्तनाचे व्हिडिओ. दोन-तीन जीबी जागा मोकळी करा, फोन एकदा पूर्ण बंद करून चालू करा, प्ले स्टोअरमध्ये जाऊन गेमला ‘अपडेट’ मागितलंय का ते बघा. जुना गेम आणि नवा सर्व्हर यांचं जमत नाही, म्हणून अपडेट केल्याशिवाय तो पुढे जाऊच देत नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. सेटिंगमध्ये गेमच्या नावाखाली दोन बटणं दिसतात. ‘क्लिअर कॅशे’ म्हणजे गेमने साठवलेला तात्पुरता कचरा काढणं. त्याने काही बिघडत नाही. दुसरं ‘क्लिअर डेटा’, काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’. ते दाबलं की गेम अगदी कोरा होतो. पोरगं ‘गेस्ट’ म्हणून, म्हणजे कुठलंही खातं न जोडता खेळत असेल, तर वर्षभर जमवलेलं सगळं जाऊ शकतं. मग घरात जो आकांत होतो तो विचारू नका! आपल्याला ते हसण्यासारखं वाटतं, पण त्याच्यासाठी ती त्याची कमाईच असते. म्हणून गेम खात्याला जोडलेला आहे ना, हे आधी बघायचं आणि मगच त्या बटणाकडे जायचं.

आता दुसरं दुखणं. गेम उघडतो, गोल फिरत राहतो आणि ‘नेटवर्क एरर’ म्हणतो. पोरगं म्हणतं, पण नेटवर्कच्या काड्या तर पूर्ण आहेत! काड्या म्हणजे टॉवर जवळ आहे, एवढंच. आपण रोज दीड किंवा दोन जीबीचं रिचार्ज मारतो. दिवसभर व्हिडिओ बघून ते संपलं की नेट बंद पडत नाही, पण वेग इतका खाली येतो की साधा मेसेज जातो आणि गेम जात नाही. संध्याकाळी सात-आठच्या तक्रारी बऱ्याचदा याच असतात. रात्री बारानंतर तोच गेम आपोआप चालतो आणि पोराला वाटतं आपणच दुरुस्त केला.

वणीत आणखी एक कारण आहे. नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेला गडावर जाणारी गर्दी आपल्याच गावातून जाते. तेवढे सगळे फोन त्याच टॉवरवर येतात. अशा वेळी फोनला दोष देण्यात अर्थ नाही. लाइट गेली की घरचं वायफायही जातं, हे सांगायला नको.

खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, हिरवा, पिवळा किंवा लाल. त्याला ‘पिंग’ म्हणतात. विहिरीत हाक मारल्यावर पडसाद किती वेळात येतो, तसं ते माप. फोनने सर्व्हरला हाक मारली आणि उत्तर यायला किती वेळ लागला, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. शंभरच्या आत असेल तर खेळ बरा चालतो. दोनशे-तीनशेला गेला की माणसं जागच्या जागी अडकतात, मध्येच उड्या मारतात. महाग रिचार्जने हा आकडा कमी होईलच असं नाही. पत्र्याच्या किंवा जाड दगडी भिंतींच्या खोलीतून ओट्यावर आलं, फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत काढला, मागे चालू असलेला व्हिडिओ बंद केला, तर बहुतेकदा फरक पडतो. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तरीही गेम जोडला जात नाही, कारण समोरचा सर्व्हर त्या फोनवर भरवसा ठेवत नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की झालं.

आणि कधी कधी दुखणं आपल्याकडे नसतंच. सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असतो, किंवा गेमच बंद झालेला असतो. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदीचा कायदा केला. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाची रमी उघडत नसेल, तर ते नेटवर्कचं दुखणं नव्हे. हे कारण पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून ती ‘गेम चालू करायचा उपाय’ शोधत बसतात.

मला सगळ्यात जास्त भीती या उपायाची वाटते. व्हिडिओतला दादा सांगतो, खालच्या लिंकवरून एपीके फाइल घे, नाहीतर फुकटचं व्हीपीएन टाक. व्हीपीएनने फोनचं बोलणं दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावरून वळसा घालून जातं, म्हणजे पिंग बहुधा वाढतोच. एपीके प्ले स्टोअरच्या बाहेरून येते आणि तिच्या आत काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाने अशीच फाइल घेतली होती. तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली. ताईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण त्यांनी लगेच विचारलं, “गेमला माझे मेसेज कशाला वाचायचेत?” आणि फाइल तिथेच काढायला लावली. ओटीपी मेसेजमधूनच येतो, हे त्यांना ठाऊक होतं. मेसेज, संपर्क किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागणाऱ्या गेमला नाही म्हणायचं. फुकट डायमंड किंवा यूसी देतो म्हणून पासवर्ड मागणाऱ्यालाही तेच उत्तर.

अशी फाइल फोनमध्ये गेलीच असेल, तर पोराला ओरडायला नंतर वेळ आहे. भीतीने ते लपवतं आणि तेवढा वेळ वाया जातो. आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद करा, फाइल काढून टाका, बँकेचा आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या चांगल्या फोनवरून किंवा शाखेत जाऊन बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. फोनवर गटाचं खातं असेल, तर त्याच दिवशी अध्यक्ष आणि सचिव ताईंनाही सांगा.