काठावरचा माणूस

मुरलीकांत पेटकरांवर २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ निघाला आणि पेठ इस्लामपूरचा हा जवान घराघरांत पोचला. १९६५च्या युद्धात लागलेल्या गोळ्या, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम, २०१८ची पद्मश्री, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला दिव्यांग जलतरणाची कात्रणं जमवायचा जुना नाद. त्यात नजर हटकून जाते ती काठाकडे. पोहणाऱ्याचं नाव ठळक मथळ्यात; त्याला शिकवणाऱ्याचं बातमीच्या शेपटात, तेही जागा उरली तर.

करमाळा तालुक्यातला सुयश जाधव घ्या. लहानपणी विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात गेले. वडील स्वतः राष्ट्रीय पातळीवर पोहलेले, त्यामुळे पहिला गुरू घरातच होता. पुढे पुण्यात प्रशिक्षक तपन पाणिग्रही भेटले. हात कोपरापासून पुढे नसला की पाणी मागे रेटायला तळवाच उरत नाही, आणि कृत्रिम हात लावून शर्यतीत उतरायला नियमाने बंदी. मग वेग आणायचा कमरेतून आणि पायांतून. श्वासासाठी डोकं जरा जास्त वर आलं की पाय खाली जातात, पाय गेले की वेग गेला. शिकवणाऱ्याला इथे छापील पुस्तक कामाचं नाही. समोरच्या शरीरात काय शिल्लक आहे, यावरूनच त्याला सगळं नव्याने मांडावं लागतं.

सुयशने २०१६च्या रिओ पॅरालिम्पिकसाठी ‘अ’ दर्जाची पात्रता गाठली, २०१८ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणलं, २०२०चा अर्जुन पुरस्कार घेतला. टोकियोत ब्रेस्टस्ट्रोकला तो नियमभंगावरून बाद झाला, तेव्हा सगळ्यांना त्याची चूक दिसली. पाणिग्रहींना २०२१चा जीवनगौरव द्रोणाचार्य मिळाला. मला विचाराल तर उशिराच.

अंध जलतरणाकडे वळलं की काठावरचा माणूस अक्षरशः खेळात उतरतो. एस-११ गटात सगळ्यांना काळा गॉगल सक्तीचा, म्हणजे कुणाला किंचित दिसत असलं तरी सारखंच. भिंत जवळ आली हे कळवायला दोन्ही टोकांना एकेक ‘टॅपर’ उभा असतो. त्याच्या हातातल्या लांब काठीला मऊ टोक असतं. तिने डोक्यावर किंवा पाठीवर एक टिचकी, की वळायचं. टिचकी लवकर पडली तर भिंतीआधीच वेग मोडतो, उशिरा पडली तर डोकं भिंतीवर. विदर्भाच्या कांचनमाला पांडेने याच गटात २०१७ साली मेक्सिकोत २०० मीटर मेडलीचं जागतिक सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेला गेली असताना मंजूर झालेले पैसे हाती न पडल्याने तिच्यावर उसनवारीची वेळ आली होती. त्यावर आरडाओरडा झाला, मग सगळे गप्प.

मला सगळ्यांत भावतात ते मुंबईचे राजाराम घाग. अपंगत्व असूनही त्यांनी १९८८ला इंग्लिश खाडी पोहून पार केली. पुढे पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायांतली शक्ती गमावलेला शम्स आलम उपचार घेत असताना त्यांना भेटला आणि पाण्यात उतरला. २०१७ला गोव्यात त्याने समुद्रात सलग ८ किलोमीटर पोहण्याचा विक्रम केला. ती भेट झाली नसती तर? अशा भेटीला पदक नसतं, आकडाही नसतो.

हे लिहिताना डोळ्यांसमोर चिखले आहे. डहाणूजवळच्या या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं लांब जातं, की चाकाची खुर्ची पोचणं मुश्कील. मच्छीमार मांगेल्यांची पोरं पाण्यातच वाढतात; पण घरातलं पायाने अधू पोर किनाऱ्यावरच राहतं. डहाणू-तलासरीत कुणी शिक्षक, मच्छीमार, निवृत्त जवान अशा पोराला पोहायला शिकवत असेल, तर त्याला एकच विनंती. एक वही घाला. तारीख, पोराचं नाव, आज काय जमलं, काय नाही, एवढं लिहा, आणि खाली न विसरता स्वतःची सही करा.